गरिबीची भीती आणि जकात

(रमजानच्या तोंडावर घाटकोपरमध्ये झालेल्या तरुणांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, बहिणींनो, मी आलिम नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अंधेरीला नोकरी करतो. फिकहचे प्रश्न असतील तर मौलानासाहेब समोर बसले आहेत, त्यांना विचारा. मला इथे बोलवायचं कारण एवढंच की जकातीचा हिशेब करायला मी काही वर्षांपूर्वी एक एक्सेल शीट बनवली आणि ती फिरत फिरत बऱ्याच जणांकडे गेली. आता दर शाबानमध्ये लोक मला फोन करतात. त्या फोनवर जे ऐकायला मिळतं, त्यावर मी आज बोलणार आहे.

फोन करणाऱ्यांपैकी काहींना फक्त आकडा हवा असतो. आकडा मिळाला की सलाम करून फोन ठेवतात. काही जण मात्र आकडा बघून गप्प होतात. मग म्हणतात, "यंदा जरा राहू दे भाई. सेटल झालो की देईन."

हा 'सेटल' शब्द मुंबईत फार चालतो. साकी नाक्याला भाड्याने राहणाऱ्याला वाटतं, मीरा रोडला स्वतःचं घर झालं की सेटल. मीरा रोडला घर झालेल्याला हप्ता संपेपर्यंत तसं वाटत नाही. हप्ता संपतो तेव्हा मुलगी बारावीला असते आणि इंजिनिअरिंगची फी समोर उभी राहते. आमच्या क्षेत्रात वर्षाला तीस-पस्तीस लाख कमावणारी माणसं मी जवळून बघतो. त्यातलं कोणी मला आजवर "मी सेटल झालो" असं म्हटलेलं नाही. म्हणजे ही अट कुठल्याच पगाराला पूर्ण होत नाही.

कुरआनमध्ये एक जागा आहे, ती मला या बाबतीत नेहमी आठवते. गरिबीपायी मुलांना मारू नका, असा हुकूम दोन सूरहमध्ये आला आहे, अनआममध्ये (आयत १५१) आणि बनी इस्राईलमध्ये (आयत ३१). वरवर पाहता दोन्ही सारखेच. पण अनआममध्ये बोलणं आहे ते गरिबी आधीच आलेल्या माणसाशी. तिथे अल्लाह आधी आईबापांच्या रोजीची हमी देतो, मग मुलांच्या. बनी इस्राईलमध्ये गरिबी आलेलीच नाही, फक्त तिची भीती आहे. तिथे क्रम उलटा होतो. आधी मुलांची रोजी, मग तुमची. मुफस्सिरांनी हा फरक टिपून ठेवला आहे. मला त्यातून समजतं ते असं: गरिबी वेगळी आणि गरिबीची भीती वेगळी, आणि दोन्हींवरचं उत्तरही वेगळं. जो खरंच अडला आहे त्याला दिलासा आधी दिला. जो नुसता घाबरला आहे त्याला सांगितलं की ज्याचा घास तुला ओझं वाटतोय, त्याची सोय माझ्याकडे आहे, आणि तुझीही.

सूरह बकरामध्ये (आयत २६८) तर सरळ म्हटलं आहे की गरिबीची भीती घालणं हे शैतानाचं काम. आणि ही आयत कुठे आली आहे? खर्च करण्याच्या, सदका देण्याच्या आयतींच्या मधोमध. देण्यासाठी हात खिशात गेला की नेमकी तेव्हाच ही भीती बोलते, हे ज्याने आपल्याला घडवलं त्याला माहीत आहे. एरवी ती गप्प असते. नवा फोन घेताना मला ती कधी ऐकू आलेली नाही.

तेव्हा जकातीचं एक काम गरिबाचं पोट भरणं हे आहेच, पण दुसरं काम देणाऱ्यावर होतं. वर्षातून एकदा ही भीती बाहेर काढायची, तिच्याकडे बघायचं आणि तिच्या समोर पैसे मोजून द्यायचे. जकात या शब्दात शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. सूरह तौबामध्ये (आयत १०३) प्रेषितांना (स.) सांगितलं आहे की यांच्या मालातून सदका घ्या, त्याने हे शुद्ध होतील. शुद्ध माल होतो असं आपण म्हणतो, तिथे माणसं म्हटली आहेत.

आता यातलीच दुसरी बाजू. हल्ली रील्स फिरतात. "जकात द्या आणि बघा, पगार कसा डबल होतो." एखादा भाई गाडीत बसून सांगतो की त्याने अमुक लाख दिले आणि महिन्याभरात दहापट आले. त्याला आले असतील, मी नाही म्हणत नाही. पण याला तवक्कुल म्हणत नाहीत. ही एसआयपी झाली. सदक्याने माल घटत नाही ही हदीस खरी आहे, माझा तिच्यावर विश्वास आहे. मात्र तो न घटलेला माल कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात दिसेल, हे त्या हदीसमध्ये नाही.

माझं उदाहरण सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. तेव्हा सगळ्याच मोठ्या कंपन्या माणसं कमी करत होत्या. एक व्हिडिओ कॉल, पंधरा मिनिटांचा. माझी जकातीची तारीख पहिला रमजान, म्हणजे त्या वर्षी मार्चच्या शेवटी. घराचा हप्ता एकेचाळीस हजार. बायको शाळेत शिकवते, तिच्या पगारात घर चालेल पण हप्ता निघणार नाही. शीट भरली. शिल्लक, म्युच्युअल फंड, शेअर्स मिळून पंधरा लाख वीस हजार. जकात अडतीस हजार, जवळपास एका हप्त्याएवढी. मी लॅपटॉप बायकोकडे वळवला. तिने आकडा पाहिला आणि म्हणाली, "नोकरी गेली म्हणून निसाब गेला का?" निसाब गेला नव्हता. आम्ही रक्कम दिली.

यापुढे चमत्कार नाही. नवी नोकरी मिळायला सात महिने लागले आणि पगार आधीपेक्षा पाव हिश्श्याने कमी मिळाला. दोन फंड मोडले. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाची नोकरी गेली आणि जकात देऊनही लवकर मिळाली नाही, तर आपल्याच इमानात काही खोट आहे असं त्याला वाटू नये.

पण त्या सात महिन्यांत मला काही गोष्टी दिसल्या. माझे चुलते गावाहून, रत्नागिरी जिल्ह्यातून, दर वर्षी तांदळाचं एक पोतं पाठवतात. मी लहान होतो तेव्हापासून येतंय. त्या वर्षी पहिल्यांदा मी ते पोतं किती किलोचं आहे हे पाहिलं. पन्नास किलो. आमच्या घरात ते तीन महिने पुरतं. रोजी म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी येणारा मेसेज, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ती बाकीच्या दारांनीही येतच होती, मी मोजत नव्हतो एवढंच.

तवक्कुल म्हणजे हातपाय न हलवणं, असा एक समज आहे. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. ती आळशी माणसाची टिंगल आहे आणि इस्लामही त्या टिंगलीत सामील आहे. एका माणसाने प्रेषितांना (स.) विचारलं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. पक्ष्यांची हदीसही बघा. खऱ्या तवक्कुलची मिसाल म्हणून पक्षी सांगितला आहे. तो सकाळी उपाशी निघतो आणि संध्याकाळी भरल्या पोटी येतो. म्हणजे तो निघतो! घरट्यात बसून राहत नाही. त्या सात महिन्यांत मी रोज सकाळी नऊला लॅपटॉपसमोर बसून अर्ज करत होतो. मग भरवसा कशाचा होता? आजच्या आज मिळालं नाही तरी माझ्याकडे जे आहे त्यातला दुसऱ्याचा हिस्सा मी दाबून ठेवायचा नाही, याचा.

इथे मला जकातीच्या दरांबद्दल बोलायचं आहे. इंजिनिअर म्हणून हा भाग मला सगळ्यात आवडतो. आपल्याला अडीच टक्के तेवढे माहीत असतात, कारण आपण पगारदार माणसं. पण शेतीचा दर वेगळा आहे. पावसाच्या पाण्यावर पिकलं तर दहावा हिस्सा, म्हणजे १० टक्के. विहिरीचं पाणी काढून, खर्च करून पिकवलं तर ५ टक्के. जमिनीत पुरलेलं जुनं धन सापडलं तर पाचवा हिस्सा, २० टक्के. आणि कमावून, खर्च भागवून, वर्षभर राहिलेल्या पैशावर २.५ टक्के. हा तक्ता एकदा शांतपणे वाचा. जिथे आपली मेहनत कमी आणि वरून आलेलं जास्त, तिथे हक जास्त. सापडलेल्या हंड्यात माझं कर्तृत्व काय? म्हणून वीस. पाऊस मी पाडला नाही, म्हणून दहा. सरकारी कर कमाई किती झाली हे विचारतो. हा दर विचारतो की यात तुझं किती होतं.

(कोकणातल्यांसाठी थोडं विषयांतर. आपण बहुतेक शाफई. शाफई फिकहमध्ये फळांपैकी खजूर आणि द्राक्षांवरच हा हिस्सा आहे, आणि साठवून खाण्याच्या धान्यावर. म्हणजे भातावर आहे, हापूसवर नाही. हनफी शेजाऱ्याला विचाराल तर इमाम अबू हनीफांच्या मते हापूसवरही आहे. शाफई बागायतदारांनी लगेच खूश होऊ नये. आंबा विकून आलेला पैसा वर्षभर राहिला की त्यावर जकात आहेच.)

आता घेणाऱ्याकडे येऊ. कुरआनमध्ये श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'हक' सांगितला आहे. हक म्हणजे त्याचं ते त्याचंच, माझ्याकडे फक्त ठेवलेलं. हे मान्य केलं की रोजी देणाऱ्यावरचा भरवसा दोन्ही बाजूंनी बघावा लागतो. अल्लाह रज्जाक आहे, प्रत्येक जिवाची रोजी त्याच्याकडे आहे, हे मी मानतो. मग असल्फाच्या टेकडीवर राहणाऱ्या विधवेची रोजी कुठे अडली? कदाचित माझ्या खात्यात. तिच्या नावाने आलेली रक्कम माझ्याकडे पडून असेल आणि मी तिला "तवक्कुल ठेव बहिणी" असं सांगत असेन, तर हे कसलं तवक्कुल?

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोने आपण जातो. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं. असल्फा आलं की डावी-उजवीकडे टेकडीवर रंगवलेली घरं दिसतात, बाहेरचे लोक फोटो काढतात. पुढे साकी नाका, मरोळ नाका, चकाला, मग ऑफिसांच्या काचेच्या इमारती. देणारे आणि घेणारे एकाच लाईनवर राहतात. माझ्या ऑफिसच्या इमारतीत रात्री फरशी पुसणारा मुलगा याच टेकडीवरून येतो. प्रेषितांनी (स.) हजरत मुआज (र.) यांना यमनला पाठवताना सांगितलं होतं की जकात तिथल्याच श्रीमंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना द्यायची. आपली जकात रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री तरावीहनंतर, जो पहिला पावती-पुस्तक घेऊन समोर येतो त्याच्याकडे जाते. लांबून येणाऱ्या सफीरांबद्दल मला तक्रार नाही, त्यातले बरेच खरे मदरसे चालवतात. पण आपल्या जिन्याखाली राहणाऱ्याची चौकशी आपण केलेली नसते, हे खरं.

नातेवाइकांचं तर आणखी सोपं आहे. आईवडील आणि मुलांना जकात देता येत नाही, त्यांना सांभाळणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण गरजू भाऊ, बहीण, काका, मावशी यांना देता येते, आणि त्यात नातं जपण्याचंही पुण्य आहे. शिवाय घेणाऱ्याला "ही जकात आहे" असं सांगणं जरुरी नाही, नियत आपल्या मनात पुरेशी. खालाच्या मुलाची फी भरायची आहे तर भरा. ईदी म्हणा, काहीही म्हणा. देऊन झाल्यावर उपकार ऐकवला तर दिलेलं वाया जातं, हे सूरह बकरामध्येच आहे (आयत २६४). रेशनच्या किटसोबत बाईचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी ती आयत एकदा उघडून वाचावी. हिशेब दाखवायचाच असेल तर किराणा दुकानाच्या बिलाचा फोटो टाका.

आठ प्रकारच्या लोकांना जकात आहे, सूरह तौबा, आयत ६०. आपण गरीब आणि मिस्कीन या पहिल्या दोनांवर थांबतो. कर्जात बुडालेला हाही त्यात आहे. मुलाच्या ऑपरेशनसाठी व्याजाने पैसे घेतलेला रिक्षावाला त्यात बसतो. वाटेत अडकलेला प्रवासी हाही आहे. लहानपणी मला वाटायचं, हे उंटावरून जाणाऱ्यांच्या काळातलं असेल. १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जायला जमलेले हजारभर मजूर टीव्हीवर बघितले तेव्हा तो शब्द समजला. त्यांच्या गावी त्यांचं घर होतं, शेत होतं. मुंबईत खिशात काही नव्हतं.

त्याच वर्षी आपल्या राज्यात एक गोष्ट घडली, ती तुम्हाला माहीत असायला हवी. कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजी हे यंत्रमागाचं गाव. तिथल्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये जमलेल्या जकातीतून ३६ लाख रुपये दिले आणि सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात, म्हणजे आयजीएममध्ये, दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. मे २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं ऑनलाईन उद्घाटन केलं. काही आठवड्यांपूर्वी कोरोनावरून मुसलमानांना टीव्हीवर काय काय ऐकवलं गेलं होतं, ते तुम्ही विसरला नसाल. त्या गावच्या लोकांनी वाद घातला नाही. जिथे कोणाचाही श्वास अडकला असता, तिथे खाटा दिल्या.

यावर फिकहचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. हनफी उलेमा म्हणतात, जकात गरिबाच्या मालकीची व्हायला हवी, त्याच्या हातात पडायला हवी. इमारत, यंत्र, खाट यांचा मालक गरीब होत नाही. शिवाय त्या खाटेवर श्रीमंतही झोपेल. दुसरे काही आधुनिक उलेमा 'अल्लाहच्या मार्गात' या प्रकाराचा अर्थ मोठा करून अशी कामं त्यात धरतात. माझं मत विचाराल तर, अशा कामाला सदका आणि लिल्लाहची रक्कम आधी वापरावी. त्याला धर्माची, मालकीची कसलीच अट नाही. मालवणीच्या शाहनवाज शेख यांनी त्याच साथीत आपली गाडी विकून ऑक्सिजनचे सिलिंडर घेतले आणि लोकांना पुरवले, त्याला कोणाच्या फतव्याची गरज पडली नाही. अडीच टक्के ही किमान मर्यादा आहे. ती भरली की देणं संपलं, असं आपण समजतो तिथे गल्लत होते. पण इचलकरंजीकरांना मी चूक म्हणणार नाही. त्या महिन्यात त्या गावात गरीब माणसाला पैशापेक्षा खाट हवी होती.

आणि एक गोष्ट नागरिक म्हणून. सरकारी रुग्णालयात खाटा ठेवणं हे सरकारचं काम आहे, आपण कर भरतो. जकात देऊन आपण तो प्रश्न विचारणं सोडायचं नाही. राजावाडीत, कूपरमध्ये, भगवतीमध्ये रांगेत उभा राहणारा आपला माणूस दोन्ही हकांचा धनी आहे.

आता हिशेबाचं थोडक्यात, कारण वेळ होत आली. निसाब सोन्याचा ८७.४८ ग्रॅम, चांदीचा ६१२.३६ ग्रॅम. रोख रकमेसाठी आपल्याकडचे बहुतेक उलेमा चांदीचा धरतात. म्हणजे "माझ्याकडे एवढं कुठे आहे" असं म्हणणाऱ्या नव्या नोकरीवाल्यांपैकी बरेच जण निसाबच्या वर आहेत. वर्ष हिजरी, ३५४ दिवसांचं. जे ३१ मार्चच्या हिशेबाने देतात त्यांचे दर वर्षी अकरा दिवस सुटतात, तेहतीस वर्षांत एक अख्खी जकात. इंग्रजी वर्षच धरायचं असेल तर २.५ ऐवजी २.५७७ टक्के लावा, शीटमध्ये तो पर्याय आहे. गृहकर्जावर मतं वेगळी आहेत. हनफींमध्ये देणं असलेले हप्ते वजा होतात, शाफईंच्या प्रचलित मतानुसार कर्ज असलं तरी हातातल्या रकमेवर जकात आहे. पीएफवरही मतभेद आहेत, तो प्रश्न मौलानांकडे.

दागिन्यांवरून दर वर्षी भांडण होतं, विशेषतः जिथे मुलगी कोकणी आणि मुलगा दखनी किंवा यूपीचा आहे तिथे. शाफईंमध्ये बाईच्या रोजच्या रिवाजाप्रमाणे वापरायच्या दागिन्यांवर जकात नाही, हनफींमध्ये आहे. दागिने जिचे आहेत तिचा मसलक धरायचा, सासरचा नाही. आणि हनफी असाल तर जकात तिच्यावर आहे. नवऱ्याने तिच्या वतीने भरली तर चांगलंच, पण तिला विचारून.

असरची अजान होईल आता. नमाजनंतर मी मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. बँकेचं स्टेटमेंट, डीमॅटचं होल्डिंग आणि सोन्याचं वजन घेऊन या. वजन ग्रॅममध्ये सांगा, तोळ्यात नको. आजचा सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, निसाबचा साडेसात तोळ्यांचा हिशेब जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याचा आहे. आणि ज्यांच्या ओळखीत कोणी कर्जात अडकलेलं आहे, त्यांनी नाव मोठ्याने सांगू नका. टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत, गरज आणि रक्कम लिहून घडी घालून द्या.